आजी काल कशी होती? डिमेन्शिया असलेल्या माणसाला लकवा मारतो तेव्हा

आजचा एपिसोड नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे आणि जरा लांबही आहे. एसटीत असाल तर हेडफोन लावा, पण झोपू नका. यातलं काहीतरी कोणाच्या तरी घरी उद्याच लागू शकतं.

विषय असा आहे. घरात एक म्हातारं माणूस आहे. त्यांना आधीपासून विसरण्याचा आजार आहे, म्हणजे डिमेन्शिया, स्मृतिभ्रंश. आणि एक दिवस त्यांनाच लकवा मारतो. मग दवाखान्यात काय होतं? आणि त्यात आपण, म्हणजे घरातली मोबाइलवाली पिढी, नेमकं काय करू शकतो?

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलं, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, घर यवतमाळ जिल्ह्यात. पण माझ्या आजीच्या वेळी दवाखान्यात अकरा दिवस काढले, आणि त्यानंतर या विषयावर जे हाती लागलं ते वाचत गेलो. त्यातलं जे पक्कं आहे तेवढंच सांगतो. उपचार काय करायचे ते डॉक्टरच ठरवणार.

आपल्याकडे स्ट्रोकला लकवा म्हणतात, किंवा अंगावरून वारं गेलं म्हणतात. शब्दच असा की वाटतं हवेनं झालं, तर मालिश करा, काढा द्या, कबुतराचं रक्त चोळा. प्रत्यक्षात बिघाड मेंदूत असतो. एक तर मेंदूची रक्तवाहिनी गुठळीनं बंद पडते, किंवा ती फुटून रक्त सांडतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतं. कोणतं झालंय ते सीटी स्कॅन केल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. म्हणून घरी डिस्प्रिन वगैरे द्यायची नाही. रक्त सांडलं असेल तर ती गोळी उलट काम करेल.

हा शहरातला, श्रीमंतांचा आजार आहे असं कोणाला वाटत असेल तर आपल्याच विदर्भातला एक अभ्यास सांगतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था आहे. तिथे डॉ. योगेश्वर काळकोंडे या न्यूरोलॉजिस्टनी आणि त्यांच्या टीमनं ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ साली ते छापून आलं. दर सात मृत्यूंपैकी एक स्ट्रोकनं झालेला होता, आणि त्या गावांमध्ये मृत्यूचं पहिल्या नंबरचं कारण तेच निघालं. त्यातले बहुतेक लोक घरीच वारले होते.

आणि डिमेन्शिया? देशभरातल्या एका मोठ्या पाहणीवरून २०२३ मध्ये अंदाज आला की साठीच्या पुढच्या १०० भारतीयांपैकी सातेक जणांना तो आहे. एकूण ८८ लाख माणसं. आपल्याकडे यातल्या बऱ्याच जणांच्या हातात निदानाचा कागद नसतो. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून टाकलं की संपलं. हे दोन्ही आजार एकाच माणसात येणं म्हणजे काही विरळा योग नाही. लकवा होऊन गेला की डिमेन्शियाची शक्यता वाढते, आणि बीपी-शुगर या दोन्हींचं मूळ दोन्हीकडे सापडतं.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा एकच आहे.

कोडमध्ये काहीतरी बिघडलं की आम्ही काय करतो? आधीची चालू असलेली कॉपी काढतो, आत्ताची बिघडलेली कॉपी शेजारी ठेवतो आणि दोन्हींतला फरक बघतो. त्याला डिफ म्हणतात. डॉक्टर अपघात विभागात तेच करत असतो. हा हात आज उचलत नाही, कालपर्यंत उचलत होता का? हे बोलणं आज अडखळतंय, काल कसं होतं? साध्या पेशंटचं काम सोपं असतं, तो स्वतः सांगतो किंवा बायको सांगते. डिमेन्शियाच्या पेशंटची ‘कालची कॉपी’ दवाखान्याकडे नसते आणि पेशंटकडेही नसते. आज तारीख कोणती, हा प्रश्न आजीला विचारला आणि तिला सांगता आलं नाही, तर तो लकवा की नेहमीचं? परक्या माणसाला कसं कळणार?

दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. घरचे म्हणतात, ती तशीच आहे, सकाळी उठून बडबडते कधी कधी, थांबा, दुपारपर्यंत होईल ठीक. आणि दवाखान्यात कोणी म्हणू शकतं, डिमेन्शिया आहे ना, मग गोंधळलेली असणारच.

आमच्या आजीला तीन वर्षांपासून डिमेन्शिया होता. नावं विसरायची, मला माझा बाप समजायची. पण चालायची, जेवायची, संडासला स्वतः जायची. त्या दिवशी सकाळी काकूनं पाहिलं की आजीचा पदर खांद्यावरून पडला आहे आणि ती तो सारखा करून नाही राहिली. एवढंच. तोंड फारसं वाकडं नव्हतं. पण काकूला माहीत होतं, की आजी जग विसरेल, पदर विसरणार नाही. उजवा हात उचलून पाहिला तर तो मांडीवर पडला.

गाडी करून चाळीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात नेलं. मी दिवाळीच्या सुट्टीत घरीच होतो, मागच्या सीटवर होतो. तिथे पोचल्यावर काय झालं ते नीट ऐका, कारण सगळा एपिसोड इथेच आहे. डॉक्टरनं विचारलं, शेवटचं ठीक कधी होत्या? काका पुढे होते. मोठा मुलगा, सही तेच करणार. ते म्हणाले, रात्री दहाला झोपल्या तेव्हा ठीक होत्या. आणि त्यांच्या दृष्टीनं ते खरंच होतं, ते सकाळी उशिरा उठले होते. डॉक्टरनं तेच लिहून घेतलं.

आता गंमत अशी की गुठळी विरघळवणारं जे इंजेक्शन असतं, ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. आणि घड्याळ आपल्याला कळलं तेव्हापासून सुरू होत नाही, पेशंट शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून सुरू होतं. रात्री दहा ते सकाळी नऊ म्हणजे अकरा तास. खिडकी बंद.

काकू कॉरिडॉरमध्ये पिशव्या घेऊन उभी होती. तिला कोणी आत बोलावलं नव्हतं. आजीच्या हाताला सलाईनची सुई लावायला आलेल्या एका सिस्टरनं सहज विचारलं, ताई, यांना कोण बघतं घरी? काकू म्हणाली, मीच. मग सिस्टरनं विचारलं, सकाळी उठल्या तेव्हा कशा होत्या? काकू म्हणाली, उठली, अंगणात गेली, माझ्यासंगं गुंड भरू लागली. किती वाजता? सहाला. नक्की? नक्की, नळ आला होता, आमच्याकडे नळ सहाला येतो.

ज्यांनी यवतमाळातले उन्हाळे पाहिलेत त्यांना माहीत आहे, आमच्याकडे नळाची वेळ कोणी चुकवत नाही. अकरा तासांचे तीन तास झाले. सिस्टर डॉक्टरकडे गेली, डॉक्टर काकूकडे आला आणि त्यानं आणखी पाच-सहा प्रश्न विचारले. चालतात का, आधार लागतो का, स्वतःच्या हातानं जेवतात का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, डोक्याला मार लागला होता का. सगळी उत्तरं काकूकडे होती. सीटीत रक्तस्राव नव्हता. दहाच्या आसपास इंजेक्शन सुरू झालं.

हे इंजेक्शन म्हणजे जादू नाही. काहींना फरक पडतो, काहींना नाही, आणि थोड्या लोकांच्या मेंदूत त्यानं रक्तस्राव होतो. अल्झायमरमध्ये काही जणांच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कमजोर झालेल्या असतात, त्यामुळे डॉक्टर जास्त विचार करतात आणि तो करायलाच पाहिजे. पण फक्त डिमेन्शिया आहे म्हणून उपचाराचा विचारच करायचा नाही, असा नियम नाही. निर्णय बराचसा यावर ठरतो की माणूस कालपर्यंत कसा जगत होता. अंथरुणाला खिळलेला होता की अंगणात गुंड भरत होता. म्हणून ती कालची कॉपी.

आणि ती कॉपी बहुतेक घरांत सुनेकडे असते. किंवा मुलीकडे, बायकोकडे, कधी दिवसभर घरी असलेल्या नातवाकडे. दवाखान्यात बोलतो मात्र तो, ज्याच्या खिशात पैसे आणि नावावर सही आहे. पुण्या-मुंबईहून फोनवर डॉक्टरशी इंग्रजीत बोलणारा मुलगा तर आणखी एक वेगळा प्राणी, त्यानं आईला गणपतीत पाहिलेलं असतं. मी त्याच जातीचा आहे, म्हणून हक्कानं बोलतोय. गाडीत जागा एकच असेल तर रोज बघणाऱ्या माणसाला बसवा. तो येऊ शकत नसेल तर त्याचा फोन चार्ज करून चालू ठेवा आणि डॉक्टरच्या हातात थेट द्या.

मोबाइलवाल्यांसाठी काम सोपं आहे. महिन्यातून एकदा आजी-आजोबांचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. चालताना, दोन्ही हात वर करताना, तुमच्याशी बोलताना, हसताना. झाली कॉपी. तो स्टेटसला टाकायचा नाही, हे सांगायची वेळ येऊ नये पण येते. गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा, आणि रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती कितीला दिली जाते तेही लिहा. वेळ आठवत नसेल तर फोनचा कॉल लॉग आणि फोटोंची वेळ बघा, बाहेरगावच्या आत्याशी सकाळी फोनवर बोलली असेल तर तीच शेवटची ठीक वेळ.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक भानगड आहे, तिच्याबद्दल मी कुठे फारसं ऐकलं नाही. भाषा. पुसद, दिग्रस, दारव्हा भागातल्या तांड्यांवर गोरमाटी बोलतात. झरी जामणी, मारेगाव, घाटंजीकडे कोलामी, गोंडी आहे. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा आधी निसटू लागते आणि लहानपणीची टिकून राहते, असं बऱ्याच जणांच्या बाबतीत दिसतं. आता तांड्यावरची एक याडी आहे, आयुष्यभर बाजारात मराठी बोलली, डिमेन्शियानंतर फक्त गोरमाटी उरली. डॉक्टर मराठीत म्हणतो, हात वर करा. ती करत नाही. लकव्यात भाषेचं केंद्र गेलं की मराठी गेली? तिच्याच भाषेत एकदा विचारल्याशिवाय सांगताच येणार नाही. हा प्रश्न विचारणारा माणूस नातेवाईकांमध्येच असतो, त्यानं बाजूला उभं राहून चालत नाही.

अंतराचं तर विचारूच नका. उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या वर. तिकडचे लोक नांदेड गाठतात, वणीवाले चंद्रपूर-नागपूर, यवतमाळवाले वसंतराव नाईक मेडिकल कॉलेज नाहीतर सावंगी, सेवाग्राम. १०८ ला फोन करताना ‘लकवा वाटतोय’ हे आणि शेवटची ठीक वेळ दोन्ही सांगा, आणि सीटी स्कॅन चालू असलेल्या ठिकाणीच न्यायला सांगा. सीटी नसलेल्या दवाखान्यात एक सलाईन लावून तासभर घालवण्यात काही अर्थ नाही. हिमाचल प्रदेशानं २०१४ पासून एक साधी गोष्ट केली. जिल्ह्याच्या दवाखान्यातला डॉक्टर सीटीचे फोटो मोबाइलवर मेडिकल कॉलेजच्या न्यूरोलॉजिस्टला पाठवतो, फोनवर सल्ला घेतो आणि तिथेच इंजेक्शन देतो. डोंगरात जमलं. आपल्याकडे तर रस्ते सपाट आहेत, टॉवरही आहेत.

आता वॉर्डाकडे. लोकांना वाटतं इंजेक्शन झालं की लढाई संपली. आमची दुसऱ्या रात्री सुरू झाली.

आजी दिवसभर झोपून होती आणि रात्री अचानक उठून ओरडायला लागली. घरात कोणी शिरलंय, मला बांधून ठेवलंय, माझी आई कुठाय. सुई ओढून काढली. याला डिलिरियम म्हणतात. हा डिमेन्शिया नाही. तो महिन्यावर्षांत हळूहळू येतो, हा तासाभरात येतो, कमी-जास्त होतो, आणि बहुतेक वेळा त्यामागे काहीतरी कारण असतं: ताप, लघवीचा संसर्ग, पोट साफ नसणं, दुखणं, झोप नसणं, नवं औषध. डिमेन्शियावाल्याला तो पटकन होतो. आणि त्याचा शांत प्रकारही असतो, त्यात माणूस नुसता पडून राहतो. तो जास्त फसवा, कारण सगळे म्हणतात, झोपू द्या, आराम होतोय. इथेही तोच डिफ लागतो. ‘काल संध्याकाळी माझ्याकडे बघून हसली, आज डोळे उघडत नाही’ हे सिस्टरला सांगणं म्हणजे कटकट करणं नाही, ती माहिती आहे.

आजीचे हात पट्टीनं पलंगाच्या कठड्याला बांधले. मला फार राग आला होता. आजही येतो. पण रात्रपाळीला एक सिस्टर आणि अख्खा वॉर्ड हेही मी पाहिलं, त्यामुळे त्या बाईंना नावं ठेवत नाही. बांधल्यावर माणूस आणखी घाबरतो आणि आणखी ओढतो. आम्ही विनंती केली की आम्ही पाळीपाळीनं हात धरून बसतो, सोडा. सोडले. सुईवर पट्टी गुंडाळून वर स्वेटरची बाही ओढली, मग ती दिसेना आणि आजीनं ओढलीही नाही. घरून तिचा चष्मा आणला, कवळी आणली. कवळी-चष्म्याविना माणूस अर्धा आंधळा, अर्धा मुका होतो, आणि आपण ते ‘हरवू नये’ म्हणून पहिल्याच दिवशी घरी पाठवतो! दिवसा पडदा उघडा, रात्री मोबाइलवर रील्स बंद. हे शेवटचं शेजारच्या बेडच्या नातेवाईकांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं.

झोपेचं किंवा ‘शांत करायचं’ इंजेक्शन देणार असतील तर एकदा विचारा, कशासाठी आणि किती दिवस. डिमेन्शिया असलेल्या म्हाताऱ्या माणसांमध्ये अशा काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानं २००५ मध्येच दिला आहे. कधी कधी ती द्यावीच लागतात. विचारायला मात्र हरकत नाही.

आणि खाणं. लकव्यानंतर गिळणं बिघडू शकतं, पाणी श्वासनलिकेत जातं, त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडात काहीही नाही, पाण्याचा चमचासुद्धा नाही. आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण नारळपाणी घेऊन येतो आणि झोपलेल्या माणसाच्या तोंडात घालतो. अडवा त्यांना. वाईटपणा घ्या. खायला परवानगी मिळाली की पूर्ण बसवून, छोटा घास, टीव्ही बंद. ताटातला अर्धाच भाग खाऊन थांबल्या तर लगेच भूक नाही किंवा विसरल्या म्हणू नका. लकव्यात कधी कधी एका बाजूचं जगच दिसेनासं होतं. ताट फिरवून बघा.

इंग्लंडमधली एक गोष्ट वाचली. जॉन जेरार्ड नावाचे एक वृद्ध डॉक्टर होते, त्यांना डिमेन्शिया होता. २०१४ मध्ये पायाच्या जखमांसाठी ते पाच आठवडे दवाखान्यात राहिले. भेटीगाठींवर बंधनं होती. घरी आले ते पार खचून, आणि त्याच वर्षी वारले. त्यांची मुलगी निकी जेरार्ड हिनं ज्युलिया जोन्सबरोबर मोहीम सुरू केली, ‘जॉन्स कॅम्पेन’, की डिमेन्शियाच्या पेशंटसोबत घरच्या माणसाला राहू द्या. तिथल्या कितीतरी दवाखान्यांनी ते मान्य केलं.

मला वाचून हसू आलं, कारण आपल्याकडे नातेवाईक पलंगाखाली चटई टाकून असतोच. स्ट्रेचर तो ढकलतो, औषधं तो आणतो, रक्ताच्या बाटलीसाठी तो पळतो. तिकडे आत येण्यासाठी भांडावं लागलं. आपल्याकडे आत आहे, पण त्याला विचारतं कोण?

याचा अर्थ सगळं घरच्यांवर टाका असाही नाही. भारतातच १४ दवाखान्यांत, १,२५० पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, अटेंड नावाचा, २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. लकव्यानंतर घरच्यांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं तर पेशंट जास्त सुधारतो का? नाही सुधारला. नेहमीच्या उपचारांइतकाच राहिला. म्हणजे काकूला फिजिओथेरपिस्ट बनवून सरकारची जबाबदारी संपत नाही. आणि स्वीडनमध्ये, जिथे सगळ्यांची नोंद असते, तिथेही डिमेन्शियाच्या पेशंटला लकव्यानंतर काही तपासण्या आणि थेरपिस्टचं मूल्यमापन इतरांपेक्षा कमी मिळाल्याचं दिसलं. आपल्याकडे हे तोंडावर सांगतात: यांच्या काही लक्षात राहत नाही, फिजिओ करून काय उपयोग. पण हाताला आणि पायाला शिकायला तारीख लक्षात असावी लागत नाही. तीच हालचाल, त्याच वेळी, त्याच जागी, रोज केली की डिमेन्शियातही शरीर बऱ्याचदा शिकतं. आजीला फिजिओवाल्या दादाचं नाव शेवटपर्यंत आलं नाही. रोज नवीन माणूस म्हणून चहा विचारायची. पण तो आला की पाय आपोआप पलंगाखाली सोडायची.

पैशाचं थोडक्यात. रेशन कार्ड आणि आधार गाडीत बसतानाच सोबत घ्या, दवाखान्यात महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्र असेल तर पहिल्याच दिवशी गाठा. सत्तरीच्या पुढच्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. ते आजच काढून ठेवा, अपघात विभागाच्या दारात ओटीपी येत नाही. घरी आल्यावर वृद्धांच्या कुठल्याही अडचणीसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

आजीचा उजवा हात पूर्ण आला नाही. कप धरते, सुईत दोरा ओवता येत नाही. पदर आता डाव्या हातानं सारखा करते, आणि माझ्या फोनमधल्या ‘आजी’ फोल्डरमधल्या नव्या व्हिडिओत ते नीट दिसतं. जुना व्हिडिओ मी काढून टाकलेला नाही, पण डॉक्टरला दाखवायचा तो हा नवा.

चला, आज एवढंच. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.